पशुखाद्यातली चरबी : गोणी घेण्याआधी एवढं विचारा

कशेडी, पोलादपूर, महाड या पट्ट्यातल्या आपल्या घरांत दोन-चार शेळ्या, एखादी गाय किंवा म्हैस, परसात कोंबड्या हे काही नवीन नाही. पूर्वी जनावरं डोंगरात चरून यायची आणि घरी पेंढा-आंबोण मिळायचं. आता जोडीला दुकानातली गोणी आली आहे. "दूध वाढेल, फॅट लागेल", "बकरीदपर्यंत बोकड भरेल" असं सांगून ती विकली जाते. या दाव्यांमागे अनेकदा खाद्यात घातलेलं तेल किंवा चरबी असते. हेच दूध आपली मुलं पितात, हाच बोकड कुर्बानीला जातो. म्हणून ही चरबी कुठली, किती आणि तिच्याबद्दल नियम काय, हे माहीत असायला हवं.

चरबी घालतात कशासाठी?

धान्यातल्या पिष्टापेक्षा चरबीतून दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. नुकती व्यालेली गाय दूध भरपूर देते, पण तेवढं खाऊ शकत नाही. मग ती वाळत जाते. अशा वेळी थोडी चरबी उपयोगी पडते.

पण रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट आपल्यासारखं नसतं. पोटाच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, असंख्य सूक्ष्म जीव असतात. पेंढा आणि गवत तेच पचवतात. साधं तेल जास्त झालं की चाऱ्यावर त्याचा थर बसतो, हे जीव मरू लागतात, आणि खाणं व दुधाची फॅट दोन्ही घटतात. एकूण कोरड्या आहारात स्निग्धांश साधारण ६-७ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हिशोब करून बघा : गाय दिवसाला १० किलो कोरडा आहार खात असेल, तर ही मर्यादा ६०० ते ७०० ग्रॅम झाली. त्यातला काही भाग पेंड, कोंडा आणि चाऱ्यातूनच येतो.

यावर उपाय म्हणून 'बायपास फॅट' आलं. तेलातल्या आम्लांना कॅल्शियमशी जोडून ही भुकटी बनवतात. ती रुमेनमध्ये विरघळत नाही. पुढे चौथ्या कप्प्यातल्या आम्लात ती सुटी होते आणि मग पचते. दुभत्या गाई-म्हशीला साधारणपणे दिवसाला १०० ते २०० ग्रॅम देतात. शेळीला द्यायचं असेल तर पशुवैद्यकाला विचारूनच द्यावं.

बोकड भरावा म्हणून काही जण नळीने किंवा बाटलीने तेल पाजतात. हे धोक्याचं आहे. तेल श्वासनलिकेत उतरलं की फुप्फुसं बिघडतात आणि जनावर दगावू शकतं. पोट फुगल्यावर डॉक्टर तेल देतात, पण तो इलाज आहे, खुराक नव्हे.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात गाईंना मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी खाऊ घातल्याने 'मॅड काऊ' रोग पसरला. तो माणसांपर्यंत पोहोचल्याची शक्यता तिथल्या सरकारने मार्च १९९६ मध्ये मान्य केली. त्यानंतर जगभर नियम कडक झाले.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जानेवारी २०२० मध्ये निर्देश दिला. दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांच्या खाद्यात गोवंशीय किंवा डुकराचं मांस, हाडांची भुकटी, रक्त, आतडी-अवयव चालणार नाहीत. दूध आणि दुधाचे पदार्थ याला अपवाद आहेत. पण कोंबडी, डुक्कर आणि मासे यांच्या खाद्याला ही बंदी लागू नाही. म्हणजे गाय-शेळीच्या गोणीबाबत कायदा आपल्या बाजूने आहे, कोंबडीच्या गोणीबाबत मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.

खाद्य बीआयएसच्या मानकांप्रमाणे असावं आणि गोणीवर ते चिन्ह असावं, असंही तेव्हाच सांगितलं गेलं. पुढे सक्तीची मुदत लांबत गेली. म्हणून चिन्ह नसलेल्या गोण्याही दुकानात दिसतात.

जळकं तेल : बेल्जियमचा धडा

१९९९ च्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वापरलेलं तेल-चरबी गोळा करून खाद्यात घालणाऱ्या साखळीत ट्रान्सफॉर्मरचं विषारी तेल मिसळलं गेलं. अंडी उबेनाशी झाली, पिल्लं मरू लागली. मे महिन्यात बातमी फुटली, दुकानांतून कोंबड्या-अंडी उचलावी लागली आणि जूनच्या निवडणुकीत तिथलं सरकार गेलं. असंच जर्मनीतही घडलं. कारखान्यासाठीची स्निग्ध आम्लं खाद्यात गेल्यामुळे २०११ च्या जानेवारीत ४,७०० हून जास्त शेतं काही काळ बंद ठेवावी लागली. डायॉक्सिनसारखी ही विषं चरबीतच साठतात आणि दूध उकळून जात नाहीत.

आपल्या भागातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, त्यावर हॉटेलं आहेत, आणि तळणीचं तेल रोज उरतं. आपल्या देशात २५ टक्क्यांहून जास्त 'पोलर' घटक झालेलं तेल जुलै २०१८ पासून स्वयंपाकाला वापरता येत नाही. ते बायोडिझेलसाठी द्यायचं असतं. जे माणसाला नको ते फुकट मिळतं म्हणून आंबोणात ओतणं म्हणजे वळसा घालून तेच आपल्या ताटात आणणं होय.

पावसाळा आणि खवटपणा

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. चरबी असलेलं खाद्य दमट हवेत लवकर खवट होतं. भातगिरणीतला ताजा कोंडा तर काही दिवसांतच खवट होतो, कारण भात भरडल्याबरोबर कोंड्यातलं तेल फुटू लागतं. खवट खाद्य जनावर नाकारतं, आणि त्यातलं ई जीवनसत्त्वही नष्ट झालेलं असतं. ओल लागली की बुरशी येते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं. म्हणूनच मानकात खाद्याची ओल ११ टक्क्यांच्या आत सांगितली आहे. जुलै २०२१ मध्ये महाडला सावित्रीचा पूर आला होता. अशा पुरात भिजलेली गोणी उन्हात वाळवून खाऊ घालू नये.

हलाल आणि तय्यब

घाण खाणाऱ्या जनावराला हदीसमध्ये 'जल्लाला' म्हटलं आहे. अबू दाऊद आणि तिरमिझीतल्या इब्न उमर (रजि.) यांच्या रिवायतीत अशा जनावराचं मांस आणि दूध मना केलं आहे. काही दिवस बांधून स्वच्छ चारा दिला की अडचण दूर होते, असं उलमांनी सांगितलं आहे. कोंबडीखाद्यातल्या चरबीचा मसला नेमका कसा, याचा फैसला आपल्या मुफ्तींनीच द्यावा. पण त्यांना विचारायचं तर गोणीत काय आहे हे आधी आपल्याला ठाऊक हवं.

गोणी घेताना

• घटकांची यादी वाचा. 'फॅट' एवढंच लिहिलं असेल तर वनस्पतीचं की प्राण्याचं, हे दुकानदाराला विचारा. बायपास फॅट बहुतेक पाम तेलाच्या उपपदार्थापासून बनतं, पण खात्री करा.
• बीआयएसचं चिन्ह, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख बघा. पक्कं बिल घ्या.
• सुटं, उघड्या पोत्यातलं खाद्य टाळा. पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढंच आणा आणि फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा.
• गोणी उघडल्यावर वास घ्या. खवट किंवा कुबट वास आला तर परत करा.
• नवं खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.
• जनावराने खाणं सोडलं, हगवण लागली किंवा दूध अचानक घटलं तर मूठभर खाद्य पिशवीत बांधून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

शेळ्या-कोंबड्यांचं खाणंपिणं बहुतेक घरांत आपल्या आया-बहिणीच बघतात. म्हणून ही यादी त्यांना वाचून दाखवा, आणि पुढची गोणी आणायला जाताना सोबत न्या.