गुंठ्याला किती हे नंतर, आधी रस्ता किती?

रस्ता रुंद होणार अशी नुसती कुणकुण लागली, की पारावर पहिला प्रश्न येतो : गुंठ्याला किती मिळणार? मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो आणि उमेदीची बरीच वर्षं आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला काढली. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून जातो. पुणे-हैदराबाद जातो नळदुर्ग, उमरग्यावरून. तुळजापुरातून एक रस्ता लातूर-नांदेडकडे सुटतो. आता शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही आपला जिल्हा आहे. एवढ्या मोजण्या पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. भाव सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी बऱ्याच गोष्टी कागदावर पक्क्या होऊन गेलेल्या असतात, आणि नेमका तेव्हा शेतकरी हजर नसतो.

पहिली गोष्ट रुंदीची. डोळ्यांना दिसतं ते डांबर आणि कडेच्या बाभळी. रेकॉर्डला रस्ता किती आहे ते गावनकाशा, गटाचा नकाशा आणि जुन्या संपादनाचे कागद सांगतात. कुठे रस्त्याखालचं क्षेत्र गटातच धरून ‘पोटखराब ब’मध्ये टाकलेलं असतं. कुठे पूर्वीच संपादन होऊन कमी-जास्त पत्रक, म्हणजे आमच्या भाषेत ‘कजाप’, झालेलं असतं आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र तेवढं घटलेलं असतं. आणि कुठे यातलं काहीच नसतं. दुष्काळी कामावर मुरूम पडला, पुढे खडी आली, मग डांबर. जमीन मात्र अजून शेतकऱ्याच्याच खात्यावर. अशा ठिकाणी “तुम्हीच रस्त्यात आलाय” असं सांगून कुणाला हटवता येत नाही. संपादन करून पैसे मोजावे लागतात. कडेला बांधकाम कुठवर करायचं नाही ती नियंत्रण रेषा वेगळी आणि मालकीची हद्द वेगळी, हेही ध्यानात असू द्या. नियंत्रण रेषेच्या आतली जमीन आपोआप सरकारची होत नाही.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज इथे २०१९ मध्ये रस्ता रुंदीकरणासाठी एक घर पाडलं. अतिक्रमण ३.७ मीटरचं असल्याचं सरकार सांगत होतं, पाडलं मात्र त्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घरमालकाला २५ लाख रुपये द्यायला लावले आणि सगळ्या राज्यांसाठी क्रम घालून दिला : आधी रेकॉर्डप्रमाणे रस्त्याची रुंदी काढा, मोजणी करा, अतिक्रमण निघालं तर लेखी नोटीस द्या, हरकत ऐका, कारणं देऊन निर्णय करा. आणि असलेला रस्ता कमी पडत असेल तर जमीन कायद्याने संपादन करा. त्याआधी हिमाचलच्या विद्या देवी यांचा खटला झाला. त्यांची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली होती, संपादन न करताच. ‘आता इतकी वर्षं कब्जा आमचाच’ असा बचाव राज्याने केला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो झिडकारला. संविधानाच्या कलम ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

दुसरी गोष्ट संयुक्त मोजणीची. भूमी अभिलेखचा माणूस, रस्त्याच्या खात्याचा माणूस आणि शेतकरी एकाच वेळी शेतात उभे राहतात, तो हा दिवस. बहुतेक जण त्या दिवशी बाजाराला गेलेले असतात, नाहीतर भावकीवर रुसून घरी बसलेले. तुळजापूर तालुक्यातल्या एका मोजणीत नवी हद्द नेमकी विहिरीवरून गेली. एक कठडा आत, एक बाहेर. विहिरीचा मध्य हद्दीबाहेर पडतो, सबब विहीर धरू नये, असा सूर निघाला. म्हातारा काठी टेकून पुढं आला. “सायेब, अर्ध्या हिरीतनं पानी कसं शेंदायचं?” कुणाकडे उत्तर नव्हतं. मग पंचनाम्यात कठड्यापासून हद्दीचं अंतर, विहिरीची खोली, पाइपलाइन, मोटार, काठावरची दोन आंब्याची झाडं असं सगळं चढलं. म्हातारा नसता तर त्या रकान्यात आडवी रेघ पडली असती. रस्त्यामुळे शेताचे दोन तुकडे पडून उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं, तेही मागता येतं. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात ते स्पष्ट लिहिलंय.

आता भाव. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन आकडे पाहतात : रेडी रेकनरचा दर, परिसरातल्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी, आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम. यातला जो जास्त तो धरायचा. इथं आपलंच आपल्याला नडतं. मुद्रांक शुल्क वाचवायला एकरी पंधरा लाखांचा व्यवहार आपण खतात सात-आठ लाखांचा दाखवतो. पुढे संपादन आलं की तेच खत सरकारी फाइलीत पुरावा म्हणून लागतं. वरचे रोख दिलेले पैसे तिथं कुणी विचारत नाही.

हिशेब समजून घेऊ. समजा एकरी दर दहा लाख निघाला, वीस गुंठे गेले आणि विहिरीचं मूल्यांकन दोन लाख झालं. जमिनीचे पाच लाख. ग्रामीण भागाचा गुणांक २ असेल तर दहा. त्यात विहिरीचे दोन, झाले बारा. यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे चोवीस लाख. गुणांक १ लावला तर पाच अधिक दोन सात, दिलासा धरून चौदा. शिवाय जमिनीच्या बाजारमूल्यावर, अधिसूचना ते निवाडा या मधल्या काळासाठी वर्षाला १२ टक्के वेगळे. मोजणीत सुटलेली दोन लाखांची विहीर निवाड्यात चार लाखांना पडते, ती अशी. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी हा गुणांक २ वरून १ वर आणला, त्यावरून राज्यभर शेतकरी संतापले. तुमच्या निवाड्यात कोणता गुणांक धरलाय आणि कशाच्या आधारे, हे लेखी विचारा.

जुन्या संपादनांनाही एक दार उघडलंय. महामार्ग अधिनियमात पूर्वी दिलासा रक्कम मिळतच नव्हती. तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि फक्त पुढच्या प्रकरणांनाच लागू करा ही महामार्ग प्राधिकरणाची मागणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली.

मुदती मात्र कुणासाठी थांबत नाहीत. राष्ट्रीय महामार्गाची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात आली की हरकतीला २१ दिवस. नोटीस घरी आली नाही म्हणून वाट पाहत बसू नका, वर्तमानपत्रातली जाहिरात गट नंबर लावून वाचा. रक्कम मान्य नसेल तर महामार्गाच्या प्रकरणात लवादाकडे जायचं. २०१३ च्या कायद्याने थेट संपादन असेल तर संदर्भ अर्ज करायचा. निवाड्यावेळी हजर असाल तर त्याला सहाच आठवडे मिळतात. पैसे उचलायला हरकत नाही, पण पावतीवर ‘हक्क राखून’ लिहून मगच सही करा. संदर्भ अर्जाच्या प्रकरणात पावतीवर तेवढे दोन शब्द नसले तर वाढीव मागणी तिथंच संपू शकते.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते वारसांवरून. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, खाली चुलत्यांची तीन घरं, बहिणींची नोंदच नाही. वाटणीचा वाद असला की महामार्गाचं प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि रक्कम तिथं पडून राहते. मराठवाड्यात त्यात निजामाच्या काळच्या इनामी जमिनींची, वर्ग दोनच्या शेऱ्याची भर.

म्हणून अधिसूचनेची वाट पाहू नका. वारसाचा फेरफार करून घ्या. विहीर, बोअर, फळझाडं सातबाऱ्यावर आणि पीक पाहणीत चढवा. रस्त्याकडेच्या गटाची हद्द कायम मोजणी करून ‘क’ प्रत जपून ठेवा. पुढचं खरेदीखत खऱ्या किमतीचं करा. मोजणीची फी आणि जास्तीचं मुद्रांक शुल्क आज खिशाला लागेल, पण निवाड्याच्या दिवशी बोलायला तुमच्या बाजूने तेवढेच कागद असतील.