ॲमेझॉनचे अरण्य, आग आणि परदेशांचे साहाय्य

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात जे सदाहरित अरण्य पसरले आहे, ते सहसा आपोआप पेटत नाही; तेथील ओलावाच त्याचे रक्षण करतो. तेथे आग लाविली जाते, आणि ती बहुधा शेतीसाठी व गुरांच्या कुरणांसाठी लाविली जाते. झाडे तोडावयाची, काही आठवडे वाळू द्यावयाची व कोरड्या ऋतूत पेटवून द्यावयाची, असा हा क्रम आहे. राब भाजणाऱ्या आपल्या कोकणातील शेतकऱ्यास राखेचा गुण वेगळा सांगावयास नको. परंतु तेथील बहुतेक जमिनी मुळात निकस आहेत. राखेचा कस थोड्याच वर्षांत सरतो, मग तेथे गवत पेरले जाते आणि कुऱ्हाड पुढील रानाकडे वळते.

२००४ साली अशा रीतीने सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर अरण्य नाहीसे झाले. उपग्रहांद्वारे देखरेख, कडक तपासणी व नवी राखीव क्षेत्रे यांमुळे २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६०० वर आला.

दरम्यान २००८ साली ब्राझीलने 'ॲमेझॉन निधी' स्थापन केला. त्यात प्रमुख वाटा नॉर्वेचा, त्याखालोखाल जर्मनीचा. निधीची रीत 'आधी काम, मग दाम' अशी आहे. मागील वर्षांच्या सरासरीहून तोड जितकी घटेल, तितका कर्बवायू वाचला असे धरून टनामागे पाच डॉलर या दराने देणगी मागता येते. ह्या पैशातून शेतजमिनींची नोंदणी, वनोपजांवर जगणाऱ्या कुटुंबांस साहाय्य व राज्यांच्या अग्निशामक दलांस साधने मिळाली.

२०१९ साली तत्कालीन सरकारने निधीच्या समित्या बरखास्त केल्या व देणगीदारांनी हात आखडता घेतला. २०२१ साली तोड १३,००० चौरस किलोमीटरवर गेली. अर्थात निधी थांबणे एवढेच त्याचे कारण नव्हते. देखरेखही सैल पडली होती, आणि परकी पैसा कितीही आला तरी तो देखरेखीची जागा घेऊ शकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये निधी पुन्हा सुरू झाला. पुढे ब्रिटन, अमेरिका व स्वित्झर्लंड यांनीही त्यास हातभार लाविला. २०२४ साली तोड सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरपर्यंत उतरली. परंतु त्याच वर्षी भीषण अवर्षण पडले, ओलाव्याचे कवच सुकले, आणि कुरणांत लाविलेली आग न तोडलेल्या, उभ्या अरण्यातही शिरली.