मोटारसायकलचा टायर कसा निवडावा?

‘शिंदे की छावनी’ हे आमच्या वस्तीचे नाव उच्चारताना येथील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अद्यापि घोडदळ उभे राहते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. लांबच्या मजलेस निघण्यापूर्वी शहाणा स्वार घोड्याचा खूर उचलून नाल पाहत असे. आज त्याच वाटांवरून सकाळी सहा-साडेसहापासून मोटारसायकली धावू लागतात. कोणी मुलांस शाळेत पोचवितो, कोणी मुरारला किंवा हजिऱ्याकडे कामावर जातो. आणि रविवारी तीच गाडी सहकुटुंब तिघऱ्याच्या धरणावर किंवा दतियाच्या वाटेला लागते. परंतु निघण्यापूर्वी वाकून चाकाकडे पाहणारा विरळाच. आम्हीही न पाहणाऱ्यांतलेच होतो.

२०२५ च्या आषाढातील गोष्ट. आमच्या गाडीचा मागील टायर गुळगुळीत झाला होता, हे होळीपासूनच ठाऊक होते. परंतु मार्चमध्ये विम्याचा हप्ता, एप्रिलमध्ये पुस्तके-गणवेष, मे महिन्यात गावी जाण्याचे भाडे, असे करता करता टायर मागे पडत गेला. उन्हाळाभर गाडीने एकदाही तक्रार केली नाही, म्हणून आमचाही धीर चेपला. पुढे एके सकाळी, पाऊस सुरू होऊन जेमतेम पाव घटका झाली असेल, भाचीला मागे बसवून आम्ही फूलबागेकडे वळत होतो. समोर सायकलस्वार आला म्हणून ब्रेक लावला, तोच मागील चाक बाजूस सरकले आणि आम्ही दोघे रस्त्यावर आडवे झालो. तिचे कोपर सोलवटले आणि डब्यातील पोहे चिखलात गेले. मागून येणारी बस चार हातांवर थांबली. खरचटण्यावर निभावले; तथापि ते चार हातांचे अंतर त्यानंतर कित्येक रात्री आम्हांस झोप येऊ देत नव्हते.

उन्हाळाभर जो टायर निमूट चालला, त्याने पहिल्याच सरीला दगा का द्यावा? याचे उत्तर टायरवरील खाचांत आहे. पुष्कळांची समजूत अशी की, रस्त्यास घट्ट धरण्याचे काम या खाचा करतात. वस्तुतः कोरड्या, स्वच्छ डांबरावर पकड देते ते रबर. खाचा नसल्या तरी फारसे बिघडत नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या मार्गावर अगदी सपाट टायरांनिशी पळतात, त्या याच कारणाने. खाचांचे खरे काम पाणी बाजूस सारण्याचे आहे. त्या झिजल्या की, पाण्याचा पातळ थर रबर आणि रस्ता यांच्या मध्ये अडकून राहतो आणि चाक रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगू पाहते. शिवाय पहिल्या पावसात महिनोन्‌महिने साचलेली धूळ व गळलेले तेल भिजून रस्त्यावर साबणासारखा लेप तयार होतो. आमचे मूळ गाव गोव्यातले. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपासून चार महिने रस्ता भिजलेलाच असल्याने झिजलेला टायर आठवड्याच्या आत उघडा पडतो. ग्वाल्हेरास पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वर्षातील आठ-नऊ महिने येथील कोरडा रस्ता टायरचे दोष पोटात घालतो, आणि मग सगळा हिशेब एका दिवसात मागतो.

आता थोडे गणित. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. त्यामुळे हे आमच्या विज्ञानशिक्षक मित्राने फळ्यावर मांडून दाखविले, हे प्रथम कबूल केले पाहिजे. वजनास दाबाने भागले असता क्षेत्रफळ निघते, हे विद्यार्थिमित्रांनी पुस्तकात वाचलेलेच आहे. गाडी ११० किलोंची, चालविणारा ६५ चा आणि मागे ४५ किलोंची मुलगी, असे एकूण २२० किलो धरू. त्यांपैकी सुमारे १३५ मागील चाकावर, ८५ पुढील चाकावर. मागील चाकात दर चौरस सेंटिमीटरला २.८ किलो दाबाची हवा असेल, तर चाक जमिनीस टेकते ती जागा सुमारे ४८ चौरस सेंटिमीटर. पुढे दाब १.७५ असल्यास सुमारे ४९. टायरच्या भिंतींचा ताठरपणा लक्षात घेता हा हिशेब काटेकोर नव्हे, पण अंदाजास पुरेसा आहे. दोन्ही मिळून शंभराच्या आत. टपालखात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर असते. दोन जीव आणि एक यंत्र यांचा सारा भरवसा एका पोस्टकार्डाहून लहान जागेवर असतो!

पैशांचाही हिशेब असाच डोळे उघडणारा आहे. शंभर सीसीच्या गाडीचा मागील टायर दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि बरा वापरल्यास २०-२५ हजार किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला आठ-दहा पैसे. तीच गाडी लिटरला ६० किलोमीटर धावली, तरी पेट्रोल किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या घरात जाते. चारशे रुपयांनी हलका टायर शोधून आपण किलोमीटरमागे फार तर दोन पैसे वाचवितो. आम्ही तर टायर लांबणीवर टाकून तेवढेही वाचविले नव्हते. औषधपाणी, वाकलेले हँडल आणि फुटलेला दिवा यांतच टायरची किंमत निघून गेली.

तेव्हा स्वस्त टायर म्हणजे कोणता? आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने काळाकुळकुळीत, चकचकीत टायर पुढे केला आणि दीडशे रुपये कमी करण्याचेही कबूल केले. योगायोगाने आमचे विज्ञानशिक्षक मित्र बरोबर होते. त्यांनी टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत कोरलेले चार आकडे दाखविले : ०८२१. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे तो टायर २०२१ च्या आठव्या आठवड्यात, फेब्रुवारीत, तयार झाला होता. रबर हे वापरले नाही तरी हवेने व उष्णतेने हळूहळू कडक होते. आणि जेथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेथे पत्र्याखालच्या कोठारात चार उन्हाळे काढलेला टायर म्हणजे शिळी भाकरी. दिसते गोल, पण चावत नाही. आम्ही आग्रह धरताच आतून १५२५ आकड्याचा, एप्रिलमधला, टायर निघाला. दीडशे रुपये अधिक मोजले. (त्या वेळी टायरवर २८ टक्के कर होता, सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. आमचे नशीब असे नेहमी दोन महिने अगोदर धावते.)

त्या भिंतीवर आणखीही वाचण्यासारखे पुष्कळ असते. आमच्या टायरवर ‘८०/१००-१८’ आणि पुढे ‘५४ पी’ असे होते. ८० ही मिलिमीटरमधील रुंदी. उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, म्हणजे तेवढीच. १८ इंचांची धाव. ५४ हा वजनाचा सांकेतिक क्रमांक असून त्याचा अर्थ २१२ किलोंपर्यंत भार, आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. जुन्या गाड्यांवर हेच माप ‘२.७५-१८’ असे इंचांत आढळते. त्याच्या जागी दुकानदार ८०/१०० दाखवू लागला तर तो फसवीत आहे असे समजू नये. फिरण्याची दिशा दाखविणारा बाणही असतो. बसविणारा घाईत असला की, तो उलटा बसतो. आणि ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरांच्या रेषेत खाचेच्या तळाशी बारीकसा उंचवटा असतो. झीज त्याच्या बरोबरीस आली की, टायर संपला. कायद्याने दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर खोल खाच हवी.

तरुण मंडळींना रुंद टायरचा मोह फार. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय? अरुंद धावेवर रुंद टायर चढविला की, त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा अधिक गोल होतो आणि जमिनीस टेकणारी जागा वाढण्याऐवजी बिघडते. गाडी वळणावर जड होते व पेट्रोलही अधिक पिते. ‘आर’ अक्षराचे रेडियल टायर वेगवान, अवजड गाड्यांसाठी उत्तम, पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीस साधा आडव्या-तिडव्या दोऱ्यांचा टायर पुरतो. रविवारच्या सहलीसाठी जाडजूड ठोकळ्यांचे डोंगरी टायर घ्यावेत की काय, असे आम्हांस एका माजी विद्यार्थ्याने विचारले. झाशीचा रस्ता, शिवपुरीचा रस्ता, तिघऱ्याचा रस्ता, सारे डांबरी किंवा सिमेंटचे. शेवटचा एखादा कोस कच्चा असला तर तो सावकाश काटावा. त्यासाठी आठवड्याचे सहा दिवस ठोकळ्यांची घरघर व लवकर होणारी झीज का सोसावी?

ट्यूबविरहित टायराला मात्र आमचा कौल आहे. खिळा घुसला तरी हवा एकदम न जाता हळूहळू जाते, आणि मोहन्याच्या अलीकडे माळरानावर कुटुंबासह अडकलेल्यास त्याची किंमत कळते. पण तो ओतीव धातूच्या चाकासच शोभतो. तारांच्या चाकास ट्यूब हवीच, आणि नव्या टायरमध्ये जुनी, ताणलेली ट्यूब घालून शंभर-दोनशे वाचविणे हे चिंधीचोरपणाचे लक्षण होय. वरचा थर नव्याने चिकटविलेला जुना टायर ट्रकला चालतो. दुचाकीस घेऊ नये.

राहता राहिली कंपनी. १९४६ साली मद्रासेत खेळण्यातले फुगे करून सुरुवात केलेली एमआरएफ, १९२४ साली इटलीतील तुरीन येथे जन्मून १९५८ मध्ये मुंबईस भांडुपला आलेली सीएट, मदुराईची टीव्हीएस, यांवरून मित्रमंडळींत वाद रंगतात. एमआरएफचा एक कारखाना फोंडा तालुक्यात उसगावला आहे आणि लहानपणी बसमधून आम्ही त्याच्या फाटकावरून जात असू, एवढ्यावरून आमचे मन तिकडे झुकते. पण ही आवड झाली, परीक्षा नव्हे. आयएसआय शिक्का, योग्य माप आणि ताजी तारीख असेल तर नामांकित कंपन्यांतील फरकासाठी रात्र जागविण्याचे कारण नाही.

उलट, हवेकडे दुर्लक्ष केल्यास उत्तम टायरही वर्षभरात नासतो. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत पुढे २५, मागे एकट्यास २८ आणि दोघांस ४० च्या आसपास पौंड हवा सांगितलेली असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. हवा चाक थंड असतानाच मोजावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरात दाब चढलेला दिसतो म्हणून ती सोडणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ टायरावर निघतो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेताने चालवावे. आणि पुढील टायर कमी झिजतो म्हणून विसरू नये. ब्रेक दाबताच सारा भार पुढेच येतो.

भाचीचे कोपर बरे झाले. तिला मात्र आता आकडे वाचण्याचा छंद जडला आहे. गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी ती बसते आणि, ‘मामा, ही २०१९ सालची!’ असे मोठ्याने जाहीर करते. शेजारच्या आजोबांच्या स्कूटरवर तिला ३६१६ हा आकडा सापडला. आजोबा प्रथम रागावले, मग चष्मा लावून स्वतः वाकून त्यांनी तो वाचला. गेल्या रविवारी ती स्कूटर दुकानात गेली.