प्रवाळाला उजेड किती?

समुद्री मत्स्यालयासाठी दिवा घेताना बहुतेक जण वॅट विचारतात. प्रवाळासाठी हा हिशेब कामाचा नाही. प्रवाळ प्राणी खरा, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून बरेचसे त्यालाच देते. दिवा कमी पडला की प्रवाळ हळूहळू उपाशी पडते. मासे मजेत फिरत असतात, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश ‘पार’ या मापाने मोजतात. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरतो, फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. मोजायचा तो पाण्यात, प्रवाळ बसवले असेल त्याच जागी. त्यात निळा भाग जास्त हवा, कारण समुद्रात खोलवर तोच पोचतो. आपल्या डोळ्यांना असा दिवा मंद वाटतो आणि फसगत होते ती इथेच.

दगडी प्रवाळांना आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून आणलेला तुकडा कुणी विकायला काढला, तर त्यासाठी दिवा शोधण्याची गरजच नाही, घेऊच नका.

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने लावू नये. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे होते. ३०-४० टक्क्यांवर सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वाढवावा. रोज ८ ते १० तास पुरेत. रात्री अंधारच हवा.