ओसरीवरची शाळा



“आम्ही पडलो अडाणी. आम्ही पोराला काय शिकवणार? ते मास्तरांचं काम!” जळगावकडे काय आणि धुळ्याकडे काय, हे बोलणे आपल्या खानदेशात घरोघर ऐकू येते. बोलणारा ते नम्रपणे बोलतो. पण त्यात मुलाचे नुकसान होते. शाळेचे तास संपले की शिकणे संपले, असे मूल समजून बसते.

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचून म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतःही कवी म्हणून नावाला आले. मग त्या घरात शिक्षण नव्हते, असे कोण म्हणेल? आईला अक्षर येत नव्हते, पण घरात बोलणे होते, निरखणे होते आणि ऐकून घेणारे कान होते. एवढे भांडवल तुमच्याही घरात आहे. ते कामी कसे लावायचे, तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट स्वयंपाकघरातली. श्रावणात कानबाईचे रोट होतात. पुष्कळ घरांत माणशी सव्वा मूठ गहू काढण्याची रीत आहे. त्या वेळी मुलाला जवळ बसवा. “आपण घरात आठ माणसं. किती मुठी होतील रे?” त्याला वहीवर मांडू देऊ नका, मुठीने मोजू द्या. चार माणसांचे पाच मुठी, आठांचे दहा! जुन्या शाळेत सव्वाकीचा पाढा घोकून पाठ करवीत. इथे तो हातात येतो. आजोबांना तो पाढा येत असेल, तर त्यांनाच म्हणायला सांगा. नातवाला गंमत वाटेल आणि आजोबांनाही.

दुसरी गोष्ट शेतातली. मुलाला कामाला जुंपा, असे मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी केळीच्या बागेत सहज सोबत न्या. घडापुढे उभे करून विचारा, “यात केळी किती असतील?” आधी अंदाज, मग मोजणी. फण्या मोजायच्या, एका फणीतली केळी मोजायची आणि गुणायचे. नऊ फण्या आणि फणीला पंधरा केळी, म्हणजे एकशे पस्तीस. पण खरोखर मोजली तर तेवढी भरत नाहीत. का बरे? कारण खालच्या फण्या लहान असतात. हे मुलाला स्वतः सापडू द्या. अंदाज चुकला तर “एवढंही कळत नाही?” असे मात्र म्हणू नका. तसे एकदा म्हटले, की पुढच्या वेळी ते तोंड उघडणार नाही. आणि तोंड न उघडणारे मूल शाळेतही मागच्या बाकावर जाऊन बसते.

तिसरी गोष्ट प्रवासातली. एसटीने जळगावहून धुळ्याला निघालात, तर पाळधी, एरंडोल, पारोळा ही गावे ओळीने लागतात. पुढचे गाव कोणते, पाटीवर काय लिहिले आहे, गाडी आठला सुटली आणि साडेदहाला पोचली तर वेळ किती लागला, हे सारे मुलाला विचारा. तुम्हाला पाटी वाचता येत नसेल, तर तसे खुशाल सांगा. “मला येत नाही, तू वाचून दाखव,” हे ऐकून मूल दोन बोटे उंच होते.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. एक कोरी वही आणा. आठवड्यातून एकदा आजीने एक गोष्ट, म्हण किंवा कोडे सांगावे आणि नातवाने ते आजीच्याच बोलीत लिहावे. आपल्याकडे घरी अहिराणी असते, कुठे लेवा बोली, कुठे भिल्ली, आणि शाळेत पुस्तकी मराठी. पहिलीतले मूल “आठे” म्हणते, पुस्तकात “इथे” असते. ते “मना” म्हणते, पुस्तकात “माझा” असतो. त्याला कोणी हसले, की ते गप्प होते. म्हणून वहीत दोन रकाने करा: घरचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द. त्यात खरे-खोटे काही नाही, ती दोन भावंडे आहेत.

शिक्षक मित्रहो, इथे तुमचे काम येते. शनिवारी ती वही वर्गात वाचून घ्या. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. पालकांना बोलावता तेव्हा केवळ मुलाच्या तक्रारी सांगू नका. घरी काय खेळावे, तेही सांगा. राज्यात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात गावोगावी मातांचे गट करण्यात आले, ते याच विचाराने.

आता कोणी म्हणेल, “दिवसभर राबून आल्यावर एवढा वेळ कुठला?” वेगळा वेळ काढूच नका. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, अंथरुणावर पडल्यावर पंधरा मिनिटे पुरेत. तेवढा वेळ मोबाईल मात्र बाजूला ठेवा. आणि एक पथ्य पाळा: याची परीक्षा करू नका. मूल कंटाळले की थांबा.

आज रात्री जेवताना मुलाला “अभ्यास केला का?” असे विचारू नका. “आज नवीन काय पाहिलंस?” असे विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत ऐकून घ्या. तेवढ्यानेच तुमच्या ओसरीवरची शाळा भरेल.