पू आधी काढा, पाय वाचेल

डहाणू-तलासरीच्या खाचरांत भातलावणी चालते ती अनवाणीच. चिखलात चप्पल टिकत नाही. तळव्यात काटा घुसला की धडधाकट माणूस कळवळून पाय उचलतो. मधुमेहाने ज्याच्या पायाच्या नसा बधिर केल्यात, तो मात्र काट्यासकट दिवसभर रोपे लावत राहतो.

पुढचे सगळे आत घडते. तळव्यात घट्ट पडद्यांनी आखलेले कप्पे असतात. जंतू तिथे शिरले की पू साठतो, दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि मांस मरू लागते. बोटे वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांलगत पू पाटाच्या पाण्यासारखा घोट्याकडे सरकतो. वरून दिसते ते एवढेसे भोक आणि जराशी सूज. अनेकांना तापही येत नाही.

इथे नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांनी भागत नाही. जिथे रक्त पोचत नाही, तिथे औषध कुठून पोचणार? सर्जन जखमेत बोथट सळई घालून पाहतात. टोक टणक हाडाला लागले, तर हाडातही संसर्ग असण्याची दाट शक्यता. मग छेद घेऊन कप्पे मोकळे करायचे, ताजे रक्त दिसेपर्यंत मेलेले मांस काढायचे, तुकडा तपासणीला पाठवायचा आणि जखम न शिवता उघडी ठेवायची. बऱ्याचदा काही दिवसांनी पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. सोबत इन्सुलिन, पायाचा रक्तपुरवठा आटला असेल तर अँजिओप्लास्टी. एखादे बोट जाते, पण टाच वाचली तर माणूस पुन्हा आपल्या पायांवर चालतो.

‘दवाखान्यात गेलं की पाय कापतात’ ही भीती खोटी म्हणता येत नाही. गावाने पाहिलेले असतात ते उशिरा पोचलेल्यांचे पाय. मधुमेहात पाय गमावणाऱ्या 100 जणांपैकी सुमारे 85 जणांची सुरुवात साध्या जखमेने झालेली असते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते, की पाय झिजतो तो बधिरपणामुळे. कुष्ठरुग्णांसाठीची मऊ एमसीआर (सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल आज मधुमेहींनाही देतात, ती त्याचमुळे.

शेतावरून आलात की पाय धुवा आणि घरच्या कुणाला तरी तळवे नीट बघायला सांगा. बधिर पायाला शेक देऊ नका, घट्टे ब्लेडने कापू नका. सूज, पू, दुर्गंधी किंवा काळे पडलेले बोट दिसले, तर त्याच दिवशी डहाणू, कासा किंवा तलासरीचे सरकारी रुग्णालय गाठा. दुखत नसले तरीही.