काटा ‘नॉर्मल’ म्हणाला, टेप नाही!

‘अगं, तुला कसली आलीय शुगर? तू कुठं जाड आहेस?’ रिपोर्ट घेऊन मी कळंबला घरी आले, तेव्हा सासूबाई हेच म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ५५ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २३.८. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता सांगत होता, २५ च्या आत सगळं ठीक. मग साखर काठावर कशी?

मंचरच्या डॉक्टरबाईंनी पोटाला टेप लावली. ८६ सेंटीमीटर! म्हणाल्या, ‘तो तक्ता गोऱ्यांच्या मापाचा, ताई. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा. बाईची कंबर ८० च्या आत हवी, पुरुषाची ९० च्या.’

हे कोडं उलगडलं ते आपल्या पुण्यातच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या २१ टक्के! दिसायला बारीक, आतून लठ्ठ.

आणि याची सुरुवात पाळण्याच्याही आधी होते बरं का. डॉ. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. पोटात असताना पोषण कमी पडलं की त्याचे परिणाम पुढं आयुष्यभर दिसू शकतात. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणारी माझी आई मला तेव्हा आठवली.

मैत्रिणींनो, शिवणाची टेप घरात असतेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. जास्त भरली तर उपाशी राहू नका, साखर तपासून घ्या. ताटात भात-साखर कमी, डाळ-उसळ जास्त आणि रोज भरभर चालणं.

परवा सासूबाईंनाच टेप लावली. नऊवारीच्या घोळात लपलेलं पोट ८९ भरलं. ‘टेप खोटी आहे,’ म्हणाल्या. पण सोमवारी सकाळी आम्ही दोघी मंचरला निघालोय, चहासुद्धा न घेता!